तेलकट मातीवर धिंगरीचा उतारा

गॅरेजसमोरची काळी, तेलकट माती तुम्ही पाहिली असेल. तेथे गवताची काडीही सहसा उगवत नाही. ही माती सुधारता येईल काय? होय, आणि त्या कामी एक बुरशी उपयोगी पडते!

भाताच्या पेंढ्यावर वाढवितात ती धिंगरी अळिंबी निसर्गात वठलेल्या झाडांवर वाढते. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन हे तिचे लक्ष्य. बहुतेक विकरे, म्हणजे एन्झाइमे, एका कुलपाची एकच किल्ली असतात. लिग्निनचा रेणू मात्र इतका वेडावाकडा, की त्याला ठरावीक कुलूपच नाही! म्हणून धिंगरी आपल्या धाग्यांबाहेर अशी विकरे सोडते, की ती नाना तऱ्हेचे बंध तोडतात. खनिज तेलातील काही घातक द्रव्यांत लिग्निनसारखीच कार्बनची वलये असतात. तीही मग फुटतात. लाकूड कुजविणारी अशीच एक बुरशी बेंझोपायरीन व डीडीटी यांचेही विघटन करते, हे अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखविले.

कृती साधी आहे. बुरशी रुजलेला पेंढा मातीत मिसळायचा, ओल राखायची, हवा खेळती ठेवायची आणि काही आठवडे धीर धरायचा.

मात्र सावधान! जुन्या तेलात शिसेही असू शकते. बुरशी रेणू मोडते, अणू नव्हे. शिसे तसेच राहते आणि थोडे अळिंबीतही उतरते. म्हणून अशा मातीतील अळिंबी खायची नाही.

मग ते शिसे मातीतून काढायचे कसे? करा पाहू विचार!