चेटकिणीचा खटला आणि हातबाहुली

बाहुली ही मुळात करमणुकीची वस्तू. परंतु न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहण्याचा प्रसंगही तिच्यावर आलेला आहे. १६९२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत, सेलम या गावी, ब्रिजेट बिशप नावाच्या स्त्रीवर चेटकीण असल्याचा खटला चालला. तिच्या पूर्वीच्या घराच्या तळघराची भिंत पाडताना टाचण्या टोचलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या सापडल्या, अशी साक्ष दोघा कामगारांनी दिली. १० जून १६९२ रोजी तिला फाशी देण्यात आली. करणी, उतारा, काळी बाहुली हे शब्द ज्याच्या कानावरून गेले आहेत, त्या वाचकास ही साक्ष फारशी परकी वाटणार नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण दूरचे नाही. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यातील एका गावात, जादूटोणा करतो या संशयावरून एका वृद्धास निखाऱ्यांवर नाचावयास लावल्याचा प्रकार उघडकीस आला व पोलिसांत गुन्हा दाखल झाला. शेजारच्या शहापूर तालुक्यातील वाशिंद हे कल्याण-कसारा लोहमार्गावरील स्थानक. तेथून मुंबई लोकलगाडीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर आहे. रेल्वे, शाळा, दवाखाना हे सारे जवळ असूनही संशय आपली वाट काढतो. या परिसरातील शाळांनी सेलमच्या खटल्यांवर बाहुलीनाट्य बसवावे, अशी सूचना येथे करावयाची आहे.

नाटकाऐवजी बाहुल्याच का, असा प्रश्न पडेल. गावातील मुलगी चेटकिणीची भूमिका करू लागली की प्रेक्षक तिच्यात कोणाची तरी आजी, कोणाची तरी चुलती शोधू लागतात, आणि प्रबोधनाच्या प्रयोगातूनच नवे बोट दाखविले जाण्याचा धोका उद्भवतो. बाहुलीला गोत नसते. त्याच कारणासाठी कथानकही दूरचे असावे. पेशवे दप्तरातही चेटूक केल्याच्या तक्रारी, त्यांच्या चौकशा व दंड यांच्या नोंदी आढळतात. परंतु त्यांत आपल्याकडील गावे व जाती येतात. म्हणून त्या अभ्यासकांसाठी ठेवाव्यात व रंगमंचावर सेलमच आणावे. पात्रांची नावेही बदलू नयेत. आपले गाव त्यात ओळखण्याचे काम प्रेक्षकांवर सोडावे. ते त्यांना चांगले जमते.

महाराष्ट्रास बाहुल्यांचा खेळ नवा नाही. १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळत्या केल्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथे ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला जतन केल्या आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्याच यादीत झारखंडच्या छुटनी महतो व आसामच्या बिरुबाला राभा ही डायन-प्रथेविरुद्ध लढणाऱ्या दोन स्त्रियांची नावे होती. बाहुलीवाला आणि चेटकिणीचा कलंक पुसणाऱ्या स्त्रिया एकाच यादीत याव्यात, हा योगायोग खरा, पण सूचक आहे.

आता कथानक. १६९२ च्या जानेवारीत सेलममधील धर्मोपदेशकाच्या घरातील मुलींना झटके येऊ लागले. औषधाने गुण येईना, तेव्हा हे चेटूक असल्याचे निदान झाले. आणि ते केले गावच्या डॉक्टराने. सुरुवातीस तीन नावे पुढे आली : टिट्युबा ही गुलाम स्त्री, सेरा गुड ही दारोदार मागून खाणारी, आणि सेरा ऑस्बोर्न ही आजारी स्त्री, जिच्या घरात जमिनीच्या वारशाचा तंटा होता. सेरा गुड पुटपुटत निघून गेली आणि मागाहून आमची गुरे मेली, असे शेजाऱ्यांनी सांगितले. पुढे आरोपींची संख्या दीडशेच्या वर गेली. एकोणीस जणांना फाशी झाली. एका वृद्धास छातीवर दगड रचून मारण्यात आले. काही तुरुंगातच मेले. कबुली देऊन तीवर कायम राहिलेले मात्र वाचले. ज्यांनी खोटे बोलण्यास नकार दिला, त्यांच्या वाट्यास फास आला. न्यायाधीश अडाणी नव्हते, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे. मुख्य न्यायाधीश स्टॉटन हा हार्वर्डचा पदवीधर होता.

बाहुलीनाट्यास सर्वांत अनुकूल प्रसंग ‘छायेच्या पुराव्या’चा. आरोपीची अदृश्य छाया आम्हांस चिमटे काढते, असे मुली भर न्यायालयात ओरडत आणि न्यायालय ते ग्राह्य धरी. रंगमंचावर एका बाजूस मुलींच्या बाहुल्या थरथराव्यात, किंचाळाव्यात. दुसऱ्या बाजूस आरोपीची बाहुली पूर्ण निश्चल असावी. तिचा हात हललेला नाही, हे पुढे बसलेले लहान मूलही पाहते. यावर निवेदकाने एक शब्दही बोलू नये.

दुसरा प्रसंग एकाहत्तर वर्षांच्या रिबेका नर्सचा. पंचांनी तिला प्रथम निर्दोष ठरविले. मुलींनी आकांत केला, न्यायाधीशाने पंचांस फेरविचारास पाठविले. तिच्या एका वाक्याचा खुलासा तिला विचारण्यात आला. ऐकू कमी येत असल्याने ती गप्प राहिली. त्या मौनाचा अर्थ गुन्हा असा लावला गेला व १९ जुलैस ती फासावर गेली. हा प्रसंग घाईने उरकू नये.

खर्च फारसा नाही. रद्दी कागदाचा लगदा, त्यात पिठाची खळ व कीड लागू नये म्हणून थोडी मेथीपूड मिसळून डोकी करावीत. मानेत तर्जनी जाईल एवढी पुठ्ठ्याची नळी बसवावी. अंगठा व मधले बोट हे बाहुलीचे दोन हात. दोन बांबूंमध्ये बांधलेले लुगडे हा रंगमंच. मात्र आरोपी स्त्रियांचे चेहरे विद्रूप, केस पिंजारलेले असे कदापि करू नयेत. मुलांचा हात नेमका तिकडेच वळतो. त्या इतर बाहुल्यांसारख्याच दिसल्या पाहिजेत. भगताचे पात्र घालून त्याची टवाळी करण्याचा मोहही टाळावा.

खेळानंतर कायद्याची माहिती द्यावी. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत, अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते, रोगराई पसरविते, असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा ठरविला आहे. जारणमारण वा चेटकाच्या नावाखाली मारहाण करणे, धिंड काढणे, नित्याच्या व्यवहारास बंदी घालणे हाही गुन्हाच. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. वारी, भजन, कीर्तन यांना या कायद्याची बाधा नाही, हेही त्याच वेळी सांगावे; अन्यथा चर्चा भलतीकडेच वळते.

सेलमच्या कथेस एक उत्तरार्ध आहे व तो मुलांनीच सादर करावा. दोषी ठरलेल्या, पण फाशीतून वाचलेल्या एलिझाबेथ जॉन्सन हिच्या नावावरील डाग तसाच राहिला होता. मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेच्या आठवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षिकेसह तिची कागदपत्रे अभ्यासून लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा केला आणि २०२२ साली, ३२९ वर्षांनी, ती कायद्याने निर्दोष ठरली.

प्रयोगाची वेळ ठरविताना शेतीचे वेळापत्रक पाहावे. भातकापणीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. खेळ दिवाळीच्या आसपास, पाडे रिकामे होण्यापूर्वी व्हावा. तो शाळेच्या सभागृहात न ठेवता पाड्यावर, सायंकाळी, स्त्रिया पाणी भरून मोकळ्या झाल्यानंतर ठेवावा.