सहीची किंमत

अँटवान वॉकर हा अमेरिकेचा बास्केटबॉलपटू एनबीएमध्ये बारा मोसम खेळला. २००६ साली मायामी हीट संघाबरोबर त्याने विजेतेपद मिळवलं. नुसत्या खेळाच्या मानधनातून त्याला १० कोटी ८० लाख डॉलरहून जास्त मिळाले. मे २०१० मध्ये त्याने नादारीचा अर्ज केला. अर्जात मालमत्ता दाखवली होती ४३ लाख डॉलर आणि देणी १ कोटी २७ लाख डॉलर. पुढे विजेतेपदाची अंगठीही विकली गेली.

गाजावाजा झाला तो त्याच्या गाड्यांचा, घड्याळांचा आणि लास वेगासमधल्या जुगाराचा. मी पडले करसल्लागार, अशी बातमी वाचली की आधी बेरीज करते. बारा वर्षं दरवर्षी दोन गाड्या घेतल्या आणि एकेक दोन लाख डॉलरची धरली, तरी आकडा ४८ लाखांवर थांबतो. कर वजा केला, जुगार धरला, त्याच्या पैशावर जगणारा मित्र-नातेवाइकांचा गोतावळा धरला, तरी माणूस फार तर कफल्लक होईल. डोक्यावर सव्वा कोटी डॉलरचं देणं कुठून आलं? त्याचा मोठा भाग आला शिकागोच्या जमीनजुमल्यातून. वॉकरची कंपनी तिथे घरं आणि इमारती विकत घेत होती. कर्ज व्यवसायाचं, पण बँकेच्या कागदांवर हमी मात्र वॉकरची स्वतःची. २००८ च्या सुमारास घरांचा बाजार कोसळला, हप्ते थांबले, आणि बँका ती हमी घेऊन थेट त्याच्या दारात आल्या.

माणूस खर्चाने रिकामा होतो, सहीने बुडतो. रिकामा झालेला पुन्हा कमावू शकतो. बुडालेल्याची पुढची कमाईही आधीच दुसऱ्याची झालेली असते.

माझं ऑफिस सिन्नरला. समृद्धी महामार्गासाठी या तालुक्यातल्या जमिनी गेल्या तेव्हा ज्यांच्या पासबुकात कधी लाखाची शिल्लक दिसली नव्हती, त्यांच्या खात्यांत मोठमोठ्या रकमा जमा झाल्या. दारात स्कॉर्पिओ आल्या, लग्नांत डीजे वाजले, आणि चार वर्षांनी एखाद्याचं बिनसलं की पारावर निकाल ठरलेला: ‘पैसा पचला नाही.’ मला हा निकाल मान्य नाही. नुसती स्कॉर्पिओ घेऊन बुडालेलं कुटुंब माझ्या फायलींत नाही. बुडाले ते मेहुण्याच्या हॉटेलला, भाच्याच्या जेसीबीला, वर्गमित्राच्या पोल्ट्रीला जामीन राहिलेले. मोबदला जमा झाला की माणूस गावातला सर्वांत वजनदार जामीनदार ठरतो. हे त्याच्याआधी त्याच्या नातेवाइकांच्या लक्षात येतं. मी हटकलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘‘मॅडम, पैसे कुठे द्यायचेत? नुसती सही तर करायचीय.’’

या नुसत्या सहीचा अर्थ आपल्याकडे १८७२ पासून लिहून ठेवला आहे. भारतीय करार कायद्याचं १२८वं कलम सांगतं की, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. गावातली समजूत अशी, की बँक आधी कर्जदाराचं सगळं विकेल आणि उरलंसुरलं जामीनदाराकडे मागेल. कायद्याने असा क्रम लावलेला नाही. सावकाराला, म्हणजे बँकेला, कर्ज थकल्याच्या पहिल्या दिवसापासून दोन्ही दरवाजे उघडे असतात. आणि ज्या दरवाजामागे पैसे आहेत तिकडेच ती जाणार. पतसंस्थेचं कर्ज असेल तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातल्या १०१ कलमाखाली वसुलीचा दाखला निघतो. त्यात कर्जदाराच्या खाली जामीनदारांची नावं असतात. मग उरलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त बोजा चढतो, आणि घरातल्या बाईला तो पहिल्यांदा कळतो मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला गेल्यावर.

त्यातही कॅश क्रेडिटची जामीनकी सर्वांत वाईट. साध्या कर्जाला निदान शेवटचा हप्ता असतो. धंद्याची कॅश क्रेडिट मर्यादा दरवर्षी नवी होते, वाढतेही. हमीपत्रात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही हमी चालू राहील. सही करणारा ती विसरून गेलेला असतो, बँक विसरत नाही.

पण अचानक श्रीमंत झालेले बहुतेक जण बुडतातच, हे तरी खरं आहे का? अमेरिकी फुटबॉलच्या खेळाडूंबद्दल एक आकडा जगभर फिरतो: निवृत्तीनंतर दोन वर्षांत ७८ टक्के जण दिवाळखोर होतात किंवा आर्थिक ओढगस्तीत सापडतात. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या नियतकालिकाने तो २००९ मध्ये छापला होता आणि तो अंदाज होता. २०१५ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने १९९६ ते २००३ या वर्षांत एनएफएल या लीगमध्ये निवडल्या गेलेल्या खेळाडूंची दिवाळखोरी मोजली. निवृत्तीनंतर बारा वर्षांत नादारीचा अर्ज करणारे निघाले सुमारे १६ टक्के. पण काही वर्षांत लाखो डॉलर कमावलेल्यांतला सहावा-सातवा माणूस, म्हणजे हेही थोडेथोडके नव्हेत. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. खेळाडू किती वर्षं खेळला, एकूण किती कमावलं, याचा दिवाळखोरीच्या शक्यतेवर फारसा परिणाम होत नव्हता. ‘थोडे जास्त मिळाले असते तर वाचला असता’ या हळहळीला त्यामुळे आधार उरत नाही.

लॉटरीचंही तसंच. फ्लोरिडात १० हजार डॉलरच्या आतलं बक्षीस लागलेल्यांची तुलना ५० हजार ते दीड लाख डॉलर लागलेल्यांशी केली गेली. मोठ्या बक्षिसवाल्यांत पहिली दोन वर्षं दिवाळखोरी कमी दिसली, तिसऱ्या ते पाचव्या वर्षांत ती वाढली आणि हिशेब बरोबरीत सुटला. पैशाने संकट पुढे ढकललं, टाळलं नाही. उलट स्वीडनमध्ये मोठ्या बक्षिसाचे मानकरी दहा वर्षांनंतरही आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. म्हणजे आयत्या पैशाला कुठला शाप नाही. पैसा कोणत्या रूपात येतो, आल्यावर कोणाच्या हाती जातो आणि त्याच्या जोरावर कोणते कागद तयार होतात, यावर सगळं ठरतं.

सही न करताही चढत जाणारं एक देणं असतं, ते म्हणजे कर. मुष्टियोद्धा माइक टायसनचे पाळीव वाघ सगळ्यांना माहीत आहेत. ऑगस्ट २००३ मध्ये त्याने नादारीचा अर्ज केला तेव्हा लास वेगासच्या जवाहिऱ्याची हिरेजडित साखळीची १,७३,७०६ डॉलरची थकबाकी बातम्यांत झळकली. एकूण देणी होती २ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात, आणि त्यातला निम्म्याहून मोठा वाटा अमेरिका व ब्रिटनच्या करखात्यांचा होता. साखळीचं बिल एकदाच येतं. थकलेल्या करावर व्याज चढतं, दंड चढतो, आणि कमावणं थांबलं तरी ते चढणं थांबत नाही.

टायसनच्या आधी या चरकातून गेला जो लुई. १९३७ ते १९४९ असा सलग जगज्जेता, २५ वेळा किताब राखलेला. त्याच्या लढतींतून ४६ लाख डॉलरहून जास्त मिळकत झाली. मॅनेजर आणि बाकीच्यांचे वाटे जाऊन त्याच्या हातात आले सुमारे आठ लाख. १९४२ मध्ये दोन लढतींचं मानधन त्याने नौदल आणि लष्कराच्या मदतनिधींना देऊन टाकलं. करखात्याने ती रक्कमही त्याचंच उत्पन्न धरली. पुढे थकबाकी पाच लाख डॉलरवर गेली. ती फेडायला निवृत्त लुई पुन्हा रिंगणात उतरला आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, रॉकी मार्सियानोकडून आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकला गेला. त्या काळी अमेरिकेत वरच्या उत्पन्नावरचा कर ९० टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे जुना कर फेडण्यासाठी कमावलेल्या डॉलरवर आधी नवा कर. हे गणित सुटणारच नव्हतं. मग कुस्त्यांचे खेळ झाले, आणि शेवटी लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये पाहुण्यांचं स्वागत करण्याची नोकरी. त्याचा जुना जर्मन प्रतिस्पर्धी मॅक्स श्मेलिंग युद्धानंतर कोका-कोलाच्या व्यवसायात स्थिरावला होता. लुईला तो पैशाची मदत करत राहिला, आणि १९८१ मध्ये त्याच्या अंत्यविधीच्या खर्चालाही त्याने हातभार लावला.

आपल्याकडे टीडीएसच्या नावाने बोटं मोडतात, पण अशा वेळी तो उपकारकर्ता असतो. मोतिहारीच्या सुशील कुमारने २०११ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त पाच कोटी जिंकले. कर आधीच कापून हातात साडेतीन कोटींच्या आसपास आले. लुईच्या वाट्याला आलेलं संकट तिथल्या तिथे मिटलं. तरीही पुढची काही वर्षं अवघड गेली, आणि २०२० मध्ये त्याने फेसबुकवर ती मोकळेपणाने मांडली. पत्रकार अधूनमधून विचारत, सध्या काय करता? आपण रिकामे नाही हे दाखवण्यासाठी तो अनुभव नसलेले धंदे काढत गेला आणि ते बुडत गेले. गुप्तदानाची सवय लागली, त्यात फसवणारेही भेटले. एकदा एका पत्रकाराला वैतागून त्याने सांगितलं, की पैसे संपले, दोन गायी आहेत, दूध विकून भागवतो. ती बातमी पसरली आणि भोवतालची गर्दी आपोआप पांगली. पुढे तो शिकवण्याकडे आणि झाडं लावण्याच्या कामाकडे वळला. पण हमी नाही, कर्ज नाही, म्हणून तो रिकामा झाला तरी बुडाला नाही, असं मला वाटतं.

त्याच्याशेजारी बोरिस बेकर ठेवून पाहा. १७व्या वर्षी विम्बल्डन जिंकणारा हा माणूस मायोर्काच्या घरासाठी एका खासगी बँकेचा ३० लाख पौंडांहून मोठा कर्जदार झाला. पुढे एका उद्योजकाकडून १२ लाख पौंड घेतले, २५ टक्के व्याजाने, म्हणजे आपल्या भाषेत साधारण शेकडा दोन रुपये महिना. जून २०१७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला नादार ठरवलं. त्यानंतर मालमत्ता जाहीर करण्याच्या कागदांत त्याने काही गोष्टी दडवल्या, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. कर्जाने त्याचं घर गेलं, पण तुरुंगात तो गेला नंतर केलेल्या लपवाछपवीमुळे.

आमच्याकडच्या मोबदल्याला कराची भीती कमी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या ९६व्या कलमामुळे त्या कायद्याखालच्या मोबदल्यावर प्राप्तिकर नाही. पण मूळ रक्कम करमुक्त, म्हणून तिचं व्याजही करमुक्त, असं लोक धरून चालतात. ठेवीच्या व्याजावर कर लागतोच. खेळाडू आणि कलाकारांचा घोटाळा वेगळा. त्यांच्या मानधनातून १० टक्के कापून येतात, देय कर ३० टक्क्यांच्या पायरीवर असतो, आणि मधला फरक त्यांना आपलाच वाटतो. तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या चार हप्त्यांत सरकारला द्यायचा असतो. मी अशा अशिलांना वेगळं खातं काढायला लावते. पैसे आले की त्याच दिवशी कराचा वाटा तिकडे.

सर्वांत शहाणा व्यवहार मला बॉबी बोनिया या बेसबॉलपटूचा वाटतो. २००० साली न्यूयॉर्क मेट्स संघाकडे त्याचे ५९ लाख डॉलर निघत होते. ते लगेच न घेता आठ टक्के व्याजाने पुढे ढकलायचं ठरलं. २०११ पासून दर १ जुलैला त्याला ११,९३,२४८ डॉलर मिळतात आणि २०३५ पर्यंत मिळणार आहेत. ४८व्या वर्षापासून ७२व्या वर्षापर्यंत बांधलेला पगारच. एका वर्षी चुकीचा निर्णय घेतला तरी पुढच्या वर्षीचे पैसे शाबूत. आमच्या शेतकऱ्यालाही हे जमतं. पोस्टाच्या मासिक योजनेत जोडखात्यावर १५ लाख बसतात, साठी ओलांडलेल्याला ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाख, आणि बाकीच्या बँकठेवींचं व्याज महिन्याला घेता येतं. पूर्वी हंगामाला पैसे यायचे, आता महिन्याला-तिमाहीला येतात, एवढाच फरक.

राहिला मेहुणा. त्याला नाही म्हणणं हे कुठल्याच कायद्यात बसवता येत नाही. म्हणून मी अशिलांना सांगते, माझ्यावर ढकला. ‘‘मॅडमनी कुठेही सही करायला मनाई केलीय,’’ असं सांगा. शिव्या मला पडू देत. आणि मदत करायचीच असेल तर दोन लाखांचा चेक द्या, परत येणार नाहीत असं धरून. नातं टिकलं तर उत्तम, नाही टिकलं तर ते दोन लाखांत तुटलं. जामीनकीत ते किती लाखांत तुटणार, हे सही करताना कोणालाच ठाऊक नसतं, मेहुण्यालाही नाही. स्कॉर्पिओबद्दल विचाराल तर खुशाल घ्या. शोरूमवाला किंमत आधी सांगतो.