शरीराची ओळख – भाग ७ : चढण सोसते, उतरण बाधते

पहिल्यांदाच कळसूबाई करून आलेल्या माणसाला दोन दिवसांनी जिन्यावर पाहा. वर जाताना तो फारशी कुरकुर करत नाही. खाली येताना मात्र कठडा सोडत नाही. दम लागला होता चढताना, मांड्या भरल्या त्या उतरल्यामुळे. असं का, हे कळायला स्नायू आतून पाहावा लागतो.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा गट आहे. चौघेही एकाच कंडरेत मिळतात आणि ती गुडघ्याच्या वाटीवरून जाऊन नडगीच्या हाडाला चिकटते. शिजलेल्या मटणात जे धागे सुटे होतात, ते असल्याच तंतूंचे जुडगे. एकेक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी. तिच्यात शेकडो तंतुकं आणि प्रत्येक तंतुकात ओळीनं जोडलेले सार्कोमिअर नावाचे कप्पे. एक कप्पा साधारण अडीच मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरभरात चारशे.

कप्प्यात ॲक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड धागे एकमेकांत शिरलेले असतात. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे आखडत नाहीत, नुसते एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात हे मांडणारे दोन निबंध आले : एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोघा हक्सलींचं एकमेकांशी नातं काही नव्हतं!

मज्जातंतूतून हुकूम आला की पेशीत कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात आणि मायोसिनची डोकी तिथं पकड घेऊन ओढतात. रस्सीखेचीत हात बदलत दोर ओढावा तशी. गंमत म्हणजे पकड सोडवायलाही एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. मृत्यूनंतर ते संपतं, पकडी तशाच राहतात, म्हणून देह ताठरतो.

आता उतरण. स्नायूला ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं. चढताना मांडीचा स्नायू ओढत आखूड होतो आणि गुडघा सरळ करतो. उतरताना गुडघा वाकतो, अंगाचं वजन स्नायूला लांबवत असतं, तरी त्याला ओढतच राहावं लागतं. नाहीतर आपण कोसळू. पकडलेली डोकी जबरदस्तीनं उचकटली जातात. शिवाय अशा कामात थोडेच तंतू जुंपले जातात, त्यामुळे एकेकावरचा भार वाढतो. काही कप्पे अतिताणानं विस्कटतात, मग सूज येते. दुखणं एक ते तीन दिवसांत ऐन भरात येतं.

ट्रेकर मंडळी याचं खापर अजून लॅक्टिक ॲसिडवर फोडतात. ते तर गाडीत बसून घरी पोचेपर्यंत रक्तातून ओसरलेलं असतं. उपाय म्हणाल तर पुन्हा उतरणं! काही आठवड्यांत तीच वाट परत केली, तर दुखणं बरंच कमी होतं. मात्र दुखण्याबरोबर लघवी गडद तपकिरी झाली, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता डॉक्टर गाठावा.

हृदयाच्या स्नायूला असे विसाव्याचे दिवस मिळत नाहीत. त्याचं कसं चालतं, ते पुढच्या आठवड्यात.