सर्दीच्या गोळीला ओळखपत्र कशासाठी?

अमेरिकेत मुलाकडे वा लेकीकडे राहून आलेल्या ज्येष्ठांपैकी काहींना हा अनुभव आला असेल. नाक चोंदले म्हणून औषधाच्या दुकानात जावे, तर एक गोळी फळीवरून सहज उचलता येते. दुसरी मात्र काउंटरच्या आत ठेवलेली असते आणि तिच्यासाठी ओळखपत्र दाखवून सही करावी लागते.

ही दुसरी गोळी स्यूडोएफेड्रिनची. तिच्या रेणूतील ऑक्सिजनचा एक अणू वगळला, की मेथॅम्फेटामिन या घातक अमली पदार्थाचा रेणू उरतो. संयुक्त राष्ट्रांच्या 1988 च्या करारात अशा कच्च्या रसायनांवर नजर ठेवण्याचे ठरले. भारतातही 2013 च्या आदेशानुसार एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन आणि हेरॉइनसाठी वापरले जाणारे अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड यांच्या उत्पादक-व्यापाऱ्यांना नोंदणी सक्तीची आहे. अमेरिकेने 2006 पासून थेट ग्राहकालाच मर्यादा घातली : दिवसाला 3.6 ग्रॅम, तीस दिवसांत 9 ग्रॅम.

मग फळीवर मोकळेपणी विकता यावे म्हणून अनेक कंपन्यांनी गोळीत फेनिलएफ्रिन घातले. गोळीवाटे घेतलेले हे द्रव्य बहुतांशी आतड्यात व यकृतातच निष्प्रभ होते. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने 16 विरुद्ध 0 मतांनी निर्वाळा दिला, की तोंडावाटे घेतलेले फेनिलएफ्रिन चोंदलेले नाक मोकळे करत नाही. (नाकात मारण्याच्या फवाऱ्याविषयी तो निर्वाळा नव्हता.) आपल्याकडील सर्दीच्या कित्येक मिश्र गोळ्यांतही हेच द्रव्य असते. पट्टीमागची बारीक अक्षरे भिंग लावून, पण जरूर वाचा.

मग काउंटरमागचीच गोळी मागावी का? ती गुणकारी आहे हे खरे. पण ती रक्तवाहिन्या केवळ नाकातल्याच आकसवत नाही. रक्तदाब वाढतो, छातीत धडधडते, झोप उडते. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबू शकते, काचबिंदूच्या काही रुग्णांना अपाय होऊ शकतो. दुकानातली ती सही कायद्यासाठी असते. आपला रक्तदाब तेथे कोणी तपासत नाही.

मिश्र गोळ्यांतील क्लोरफेनिरामिनने वृद्धांना गुंगी येते, कधी भ्रमही होतो. रात्री उठताना तोल जाण्याची भीती असते. घरातील काळजीवाहकांनी एवढे ध्यानात ठेवावे. साध्या सर्दीला सलाइनचे थेंब बरेचदा पुरतात. परदेशी जाताना चालू औषधांची यादी, कंपनीच्या नव्हे तर औषधाच्या मूळ नावांनिशी, जवळ बाळगा. गोळी घेण्याआधी ती तेथील फार्मासिस्टपुढे ठेवा.