वर्षभराचा शेजार

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं धाकट्या पुतण्याची मुंज झाली. मांडव उतरला, पाहुणे पांगले, आणि उरलेल्या लाडवांच्या डब्याभोंवतीं घरच्या बायका बसल्या असतां कोणीतरी जुन्या छायाचित्रांचा गठ्ठा काढला. त्यांत आमच्या परदेशांतील वास्तव्याचें एक चित्र निघालें. एक अरुंद स्वयंपाकघर, खिडकीबाहेर बर्फ, टेबलावर प्रेशर कुकर, आणि त्याच्या भोंवतीं चौघी मुली पोट धरून हंसत आहेत. थोरल्या काकूंनीं चष्मा पुसला आणि आमच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या असलेल्या उंच मुलीवर बोट ठेविलें.

“अगं, ही कोण?”

“ही माझी एडिंबरोची मैत्रीण, काकू. ग्रीस देशची.”

“हो का? मग आतां कोठें असते? लग्न झालें? मुलेंबाळें?”

यांतील एकाही प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. काकूंनीं चित्र परत गठ्ठ्यांत ठेविलें आणि म्हणाल्या, “म्हणजे मैत्रीण नव्हे, शेजारीण म्हण.” त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. त्यांनीं आपली एक चूक दुरुस्त करावी तशी ती दुरुस्त केली, आणि लाडवांचा डबा पुढें सरकविला. परंतु तो शब्द तेव्हांपासून आमच्या मनांत सलत राहिला आहे.

काकूंच्या बाजूनेंही पाहिलें पाहिजे. आमच्यासारख्या घरांतून मैत्री ही दोन माणसांपुरती गोष्ट कधींच नसते. काकूंची शाळेंतील मैत्रीण म्हणजे तिचे यजमान, तिच्या दोन जावा, तिच्या मुलीचें लांबलेलें लग्न, तिच्या माहेराहून दरसाल येणारी आंब्यांची करंडी, हें सर्व मिळून होणारी वस्तु होय. एखादें माणूस ‘ओळखीचें’ म्हणावयाचें तर तें कोणाचें कोण हें आधीं कळावें लागतें, आणि एकदां कळलें म्हणजे पुढील दोन पिढ्या तरी ओळख मोडत नाहीं. या मापानें मोजूं गेलें तर वर्षाच्या आंत संपणारी मैत्री मापांत बसतच नाहीं.

आणि तरीही अशा मैत्र्या आज आपल्या मुलामुलींच्या वांट्यास पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक येत आहेत. एकट्या अमेरिकेंत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षीं ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते. ब्रिटनमध्यें पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा बारा महिन्यांत उरकतो; सप्टेंबरांत प्रवेश, ऑगस्टांत प्रबंध, आणि मग खोलीचा करार संपला कीं ज्यानें त्यानें आपली वाट धरावी. युरोपांत १९८७ सालीं सुरू झालेल्या एरास्मस योजनेनें तर एखाद्या सत्रापुरतें परक्या देशांत जाऊन शिकण्याची रीतच पाडून दिली. म्हणजे मैत्री जुळण्याआधींच तिची मुदत भिंतीवरील दिनदर्शिकेंत लिहिलेली असते.

आम्ही २०१६ सालच्या सप्टेंबरांत एडिंबरोस गेलों. मेडोज नांवाची विस्तीर्ण हिरवळ ओलांडली कीं दगडी इमारतींच्या रांगा लागतात. त्यांपैकीं एकीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचें बिऱ्हाड. चार खोल्या, चौघी मुली आणि स्वयंपाकघर एक. एक ग्रीसची, एक चीनची, एक दक्षिण अमेरिकेंतील चिली देशची, आणि चौथी आम्ही. कुकर आम्हांस वारशानें मिळालेला होता. आमच्या आधींच्या वर्षीं शिकून गेलेल्या एका कोल्हापूरच्या मुलीनें तो मागें ठेविला होता, आणि तिलाही तो कोणा दुसऱ्याकडूनच मिळाला होता. पहिल्या दिवशीं त्याची शिटी झाली तेव्हां चिलीची मुलगी ओले केंस तसेच घेऊन जिन्यांत धांवली. पुढें त्या शिटीची सर्वांना इतकी संवय झाली कीं चिनी मुलगी आपल्या खोलींत बसून शिट्या मोजीत असे आणि तिसरी झाली कीं “वरण झालें!” म्हणून आंतून ओरडे. मोहरीची फोडणी आणि छतावरील धुराची घंटा यांचें वैर मात्र वर्षभर मिटलें नाहीं. फोडणी करावयाची तर एकीनें खिडकी उघडून घंटेखालीं टॉवेल हालवीत उभें राहावें, असा घरचा नियमच होऊन बसला.

डिसेंबरांत तेथें दुपारीं पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. इतक्या लांबलचक रात्रींत चौघीजणी एका शेगडीभोंवतीं येणारच. त्यांत कोणाचें पुण्य नाहीं. परंतु तेथें जी ओळख होते ती आपल्याकडील ओळखीच्या अगदीं उलट टोंकाकडून सुरू होते हें आमच्या ध्यानांत हळूहळू आलें. एकमेकींच्या वडिलांचीं नांवें आम्हांस ठाऊक नव्हतीं. कोण कोठल्या आळींतली, घरचें बरें कीं बेताचें, यांतलें कांहींही माहीत नव्हतें. मात्र कोणाच्या दाराखालून पहाटे तीनपर्यंत उजेड दिसतो, घरचा फोन आल्यावर कोण नळ सोडून रडते, महिनाअखेरीस कोणाच्या फडताळांत नुसते ओटच उरतात, हें सर्व पक्कें ठाऊक होतें. इकडे ज्यांचें गोत्रसुद्धां आम्ही सांगूं शकूं अशा कित्येक आप्तांविषयीं एवढें आम्हांस आजही सांगतां येणार नाहीं.

जानेवारी २०१७. पौषाचा वद्य पक्ष होता. तेथें मध्यरात्र, म्हणजे इकडे पहाटेचे साडेपांच, त्या सुमारास आजी गेल्याचा फोन आला. आम्हांस आजीनेंच वाढविलें होतें. तिकिटाचे पैसे नव्हते, आणि असते तरी आम्ही पोंचेपर्यंत सर्व आटोपलेंच असतें. कोणास उठविलें नाहीं. डोक्यावरून आंघोळ केली; करतां येण्याजोगा तेवढा एकच विधि होता. सुतक एकट्यानें कसें पाळतात? घरीं तेरा दिवस माणसांची ये-जा असते, कोणीतरी पिठलंभात आणून ठेवितें, कोणीतरी रडतें म्हणून आपल्याला रडूं येतें. त्या बिऱ्हाडांत सुतक म्हणजे काय हें जाणणारेंही आम्हीच होतों.

इतक्या रात्रीं पाण्याचा आवाज कां, म्हणून ग्रीसची मुलगी बाहेर आली. आम्ही सांगितलें. तिनें सांत्वनाचा एक शब्द उच्चारला नाहीं, फक्त “आजीचें नांव काय?” एवढें विचारलें, आणि तें नांव नीट उच्चारतां येईपर्यंत तीनचारदां म्हणून पाहिलें. त्यांच्याकडे मृतासाठीं प्रार्थना करितांना नांव घ्यावें लागतें, असें ती पुढें म्हणाली. मग ती उजाडेपर्यंत बोळांतल्या गालिच्यावर आमच्याशेजारीं भिंतीला टेकून बसली. तिला सकाळीं नऊला प्रयोगशाळेंत जावयाचें होतें.

नवव्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही घरीं आलों तों टेबलावर एक पसरट भांडें झांकून ठेविलेलें. आंत शिजविलेले गहूं, त्यांत बेदाणे, बदाम, डाळिंबाचे दाणे, वर साखरेचा थर, आणि जवळ एक मेणबत्ती. याला ते लोक कोलिवा म्हणतात. मृताच्या तिसऱ्या, नवव्या आणि चाळिसाव्या दिवशीं तो करण्याची चाल आहे. देवळांत नेऊन त्यावर प्रार्थना व्हावयाची असते. ती चांचरत म्हणाली, “तुमच्याकडे हें चालतें कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. पण आज नववा दिवस आहे, आणि तुझी आजी रिकामी राहूं नये.” आमच्याकडे दहावा आणि तेरावा, नववा नव्हे, हें आम्ही तिला सांगितलें नाहीं. सुतकांत गोड खावें कीं नाहीं यावर धर्मशास्त्र जाणणाऱ्या वाचकांनीं आम्हांस जो दंड करावयाचा तो करावा. चौघींनीं तो कोलिवा खाल्ला, आणि चिलीच्या मुलीनें दोनदां मागून घेतला.

सप्टेंबरांत बिऱ्हाड मोडलें. ग्रीसची मुलगी सर्वांच्या आधीं गेली. तिला पोंचवावयास आम्ही विमानतळाच्या ट्रामपर्यंत गेलों. पत्रें लिहिण्याच्या, एकमेकींच्या देशांत येण्याच्या आणाभाका झाल्या. पहिला महिना दररोज निरोप, मग आठवड्यानें, मग दिवाळीस व नाताळास. हें सर्वांचेंच होतें आणि त्याबद्दल कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. आमच्याकडून जें झालें तें मात्र याहून निराळें आहे, आणि तें लिहितांना हात अडखळतो.

२०१९ सालच्या मार्चांत तिचा निरोप आला. वडील फार आजारी आहेत, तीन आठवडे रुग्णालयांत आहेत, आणि तुझ्या आजीच्या वेळची ती रात्र आठवते, एवढाच मजकूर होता. आम्ही तो वाचला. घरांत भावाच्या लग्नाची धांदल होती. घाईघाईनें दोन ओळी खरडण्यापेक्षां शांतपणें, शोभेल असें लिहावें, म्हणून तें रात्रीवर टाकलें; मग रविवारावर; मग लग्न होऊन जाऊं दे म्हणून. महिना लोटल्यावर उशिराची लाज वाटूं लागली, आणि जसजसे दिवस गेले तसतशी ती लाजच उत्तराच्या आड येऊं लागली. पुढें फोन बदलला, तिचाही क्रमांक बदलला असावा. ज्या मुलीनें आमच्या आजीसाठीं डाळिंब सोललें तिच्या वडिलांसाठीं आम्हांस चार शब्द सुचूं नयेत! काकूंचा ‘शेजारीण’ हा शब्द जो सलला तो या कारणानें. उणें मैत्रीच्या मुदतींत नव्हतें, आमच्यांत होतें.

आमच्या पिढीनें ही गोष्ट प्रथमच अनुभविली असें मात्र नाहीं. एक छायाचित्र पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत १० ऑक्टोबर १८८५ रोजीं तें घेतलें गेलें. डावीकडे आपल्या आनंदीबाई जोशी लुगड्यांत, मध्यें जपानच्या केई ओकामी किमोनोंत, आणि उजवीकडे दमास्कसच्या साबात इस्लामबुली आपल्या देशच्या पेहरावांत. तिघींचे देश तीन, लिपी तीन, अन्न तीन तऱ्हेचें. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंना पदवी मिळाली. म्हणजे छायाचित्रापासून मोजलें तर अवघे पांच महिने. त्याच वर्षीं त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचें बाविसावें वर्ष पुरें होण्याआधींच, पुण्यास वारल्या. ओकामीबाईंना पदवी १८८९ सालीं मिळाली, इस्लामबुलीबाईंना १८९० सालीं. दोघींचें शिक्षण पुरें होण्यापूर्वींच त्या चित्रांतील डावी बाजू रिकामी झालेली होती.

आनंदीबाईंची दुसरी मैत्री अधिक प्रसिद्ध आहे. न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं एका मासिकांत छापलेला पत्रव्यवहार वाचून या अनोळखी हिंदु मुलीस पत्र घातलें, १८८३ सालीं तिला आपल्या घरीं उतरवून घेतलें, आणि शेवटीं तिची रक्षाही त्यांच्याकडेच गेली. न्यू यॉर्क राज्यांतील पोकिप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत ती विसावली आहे. ही मैत्री आपल्या घरांना लगेच समजते, कारण ती ‘मावशी’ आणि ‘भाची’ या नात्यांत बसविली गेली होती. काकूंनींही ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी दोनदां वाचली आहे आणि कार्पेंटरबाईंचें नांव निघालें कीं त्यांचे डोळे पाणावतात. त्या छायाचित्रांतील उरलेल्या दोघींस मात्र आपण कोणत्याही नात्यांत घातलेलें नाहीं. आमचें लक्ष आतां वारंवार त्यांच्याकडेच जातें.

आमच्या वडिलांपाशीं हा विषय काढला तेव्हां त्यांनीं महाभारतांतील ओंडक्यांचा दृष्टान्त दिला. समुद्रांत दोन ओंडके जवळ येतात आणि लाटेसरशीं दुरावतात, तसाच मनुष्यांचा समागम. दृष्टान्त थोर आहे, आणि शोकाच्या वेळीं त्याचा उपयोगही होतो. पण आमच्या बिऱ्हाडास तो लागू पडत नाहीं. ओंडक्यांस एका शेगडीवर पाळीपाळीनें स्वयंपाक करावा लागत नाहीं. एक ओंडका दुसऱ्यासाठीं घंटेखालीं टॉवेल हालवीत उभा राहत नाहीं.

ज्यांचीं मुलें सध्यां बाहेर आहेत त्यांस जातां जातां एक सांगावेसें वाटतें. फोनवर “तिकडे आपलीं माणसें आहेत ना?” असें आपण पहिल्यानें विचारतों. आपलीं माणसें असावींतच. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालत आलें आहे तें कांहीं उगाच नव्हे, आणि परदेशांतल्या पुरणपोळीची चव आम्हीही घेतलेली आहे. परंतु तुमच्या स्वयंपाकघरांत आणखी कोण आहे, तिचें कसें चाललें आहे, हेंही कधीं विचारावें. आमच्या घरून हा प्रश्न कोणी विचारला असता, तर मार्चच्या त्या निरोपाची बातमी काकूंच्या कानीं गेली असती, आणि काकूंनीं आम्हांस उत्तर लिहिल्यावांचून जेवूं दिलें नसतें.

यंदाच्या पौषांत आजीचें श्राद्ध झाल्यावर दुपारीं आम्ही एका लहान पातेल्यांत गहूं शिजत ठेविले. डाळिंब सोलतांना काकू आंत आल्या. “हें काय आणि?” त्यांनीं विचारलें. तेव्हां आम्ही ती सर्व हकीकत प्रथमच घरांत सांगितली, मार्चच्या निरोपासह. काकू पाटावर बसल्या. थोड्या वेळानें त्यांनीं एवढेंच विचारलें, “मग तिचे वडील बरे झाले कीं...?”

“ठाऊक नाहीं, काकू.”

“पत्ता नाहीं कांहीं?”

विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांची कचेरी असते. तिच्यामार्फत पत्र पुढें पाठविलें जाण्याचा संभव आहे. आम्ही त्याच रात्रीं लिहिलें. शोभेल असें कांहीं साधलें नाहीं. चूक कबूल केली, वडिलांचें विचारलें, आणि त्यांचें नांव कळवावें असें लिहिलें. आंत त्या स्वयंपाकघराच्या चित्राची एक प्रत घातली. सकाळीं काकूंनीं पाकीट मागून घेतलें, वजनाला कमी पडेल म्हणून जास्तीचीं तिकिटें स्वतःच्या हातानें चिकटविलीं, आणि आम्ही चपला घालीत होतों तेवढ्यांत दारांतून विचारलें, “अगं, तिचें नांव तरी काय? नीट सांग पाहूं, मला म्हणतां यायला हवें.”