हिवाळी काढा: पान कुठून तोडता, ते आधी पाहा



थंडी वाढली, घरोघरी गवती चहा अन् तुळशीचा काढा सुरू झाला. चांगलंच आहे. पण याच दिवसांत तुरीवर अन् हरभऱ्यावर अळीची फवारणीही चालू असते. म्हणून आजचा मेसेज घरातल्या कपाबद्दल.

*१) पान कुठलं घ्यायचं?*
दारातल्या कुंडीतलं, परसातलं. बांधावरची तुळस, गवती चहा, अडुळसा घेऊ नका. वाऱ्यानं फवाऱ्याचे थेंब बांधापर्यंत येतातच. "धुऊन घेतो ना" असं म्हणू नका. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत जातं, ते धुऊन निघत नाही. डब्यावर फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, पण ते त्या पिकासाठी. तुळशीसाठी नाही. फवारा उडाला असेल तर या हंगामात ते झाड सोडूनच द्या.

*२) वाळवण*
पानं धुवा, पाणी निथळू द्या, सावलीत कापडावर पातळ पसरा. उन्हात वास उडतो. चुरगाळल्यावर कुरकुरीत मोडलं की झालं. थोडी ओल राहिली तरी बुरशी धरते. बुरशीचा वास आला तर सगळं फेका. काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा. औषधाची रिकामी बाटली-डबा, कितीही धुतला तरी, यासाठी वापरू नका.

*३) प्रमाण*
आयुष मंत्रालयानं २०२० मध्ये सांगितलेला काढा सोपा आहे: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १.
घरी: वाळलेली तुळस ४० ग्रॅम + दालचिनी २० + सुंठ २० + मिरी १० = ९० ग्रॅम. (४० ग्रॅमसाठी ओली पानं साधारण पाव किलो लागतात.)
मिक्सरमधून भरड काढा. एका वेळी ३ ग्रॅम, १५० मिली उकळत्या पाण्यात. ५ मिनिटं झाकून ठेवा, गाळून घ्या. दिवसातून १-२ वेळा पुरे. ९० ग्रॅममध्ये ३० कप होतात. गवती चहा आवडीनुसार वरून टाका.

*४) कोणी सांभाळून?*
▪️ शुगरवाले: गूळ टाकू नका, गूळही साखरच.
▪️ बीपीवाले: ज्येष्ठमध नको, बीपी वाढतो.
▪️ गरोदर बाई: अडुळसा नको. बाकीचा काढाही डॉक्टरांना विचारूनच.
▪️ रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
▪️ एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको.

*५) काढ्यानं भागत नाही तेव्हा*
गरम काढ्यानं घसा मोकळा होतो, बरं वाटतं. पण खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, मोफत होते.

अन् फवारणीवरून आलेल्या माणसाला चक्कर, उलटी, लाळ, अंधारी असं काही झालं तर थंडी बाधली समजून काढा पाजू नका. कपडे बदला, अंग साबणानं धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विसरू नका.

घरच्या बायामंडळींनाही हा मेसेज वाचून दाखवा.

– कृषी सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, नांदुरा