मुकादम : ठेकेदार की नोकर?

सभासद बंधूंनो, हंगाम आला की मुकादम मंडळींची तक्रार असते, "बिल माझ्या नावावर, कर माझ्या नावावर, पैसा मात्र टोळीचा!" ठरावीक रकमेपुढच्या ठेक्याच्या बिलातून व्यक्तीचा १ टक्का प्राप्तीकर कापतात, पॅन नंबर नसला तर २० टक्के. नोकर म्हटले की फंड, ग्रॅच्युइटी आली. म्हणून कागदावर 'ठेकेदार' लिहिणे सोयीचे.

पण कोर्ट कागदावर थांबत नाही. सौराष्ट्रातील मिठागरांवरचे अगरिया ऑक्टोबर ते जून राबत, मजुरी मणावर, पावसाळ्यात शेतीकडे. हाताखाली माणसे घेण्याचीही मुभा. कंपनी म्हणाली, हे स्वतंत्र ठेकेदार. माणूस स्वतः राबतो का आणि काम कसे करायचे हे कोण ठरवतो, हे पाहून ते कामगारच, हा निर्णय सुप्रीम कोर्टाने १९५६ साली कायम केला.

आपला कोयताही टनावरच चालतो. फड कोणता, हे चिटबॉय सांगतो. कारखान्याचे मालक आपण, तेव्हा हा प्रश्न आपल्याही दारचा आहे. मुकादमांनी टोळीला दिलेल्या पैशाची वही चोख ठेवावी व विवरणपत्र भरावे. जादा कापलेला कर परत मिळतो.